मी बंडीतून पडले नाही

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. नवं माणूस आधी पायाकडं बघतं, मग तोंडाकडं, आणि मग हळू आवाजात विचारतं, "जन्मापासून का हो?" मी म्हणते, "नाही, मोटारीपासून." एवढे दोन शब्द सरकारदरबारी सांगायला मला केवढा खटाटोप करावा लागला, तो लिहायला बसले आहे.

कारण सरकारच्या लेखी मी बंडीतून पडले. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. निजामाचं राज्य गेलं, पोलिसांचे अमीन गेले, अदालतीचे मुन्सिफ गेले, त्यांची भाषाही कचेरीतून गेली. पण ती नोंद कुठंतरी अजून तशीच पडून असेल. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पाय फक्त थंडीत दुखतो. हे मात्र बारा महिने दुखतं.

ज्यांचं हाड आत्ताच मोडलं आहे आणि जे कुठल्यातरी दवाखान्यात खाटेवर पडून छताची कौलं मोजत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते. औषधपाण्यातलं मला काही कळत नाही. हाड कसं जुळतं ते हाडालाच ठाऊक. पण पाय मोडल्यावर माणसाच्या तोंडाचं काय होतं, ते मला चांगलं कळतं.

उतार

आमचं गाव वांकिडीपासून कोसभरावर. शेतात कापूस आणि जवारी. घरात दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. थोरले माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. कमी बोलणारा, सरळ माणूस. घर त्यांच्या शब्दावर चालायचं आणि माझा नवरा त्या शब्दाबाहेर कधी गेला नाही.

त्या वेळी आमच्या सडकेवर एकच मोटार. जंगलातल्या सागाचा ठेका घेतलेल्या एका गुत्तेदाराची. इतर दिवशी ती लाकूड ओढायची आणि बाजाराच्या दिवशी माणसं. तिचा ब्रेक लागत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून गुत्तेदारानं काय करावं? ब्रेक दुरुस्त करावा की नाही? त्यानं एक माणूस ठेवला. तो हातात लाकडाचा ठोकळा घेऊन पायरीवर उभा राहायचा. उतार आला की उडी मारायचा, मोटारीबरोबर धावायचा आणि चाकाखाली ठोकळा सारायचा. लोक बघायला थांबायचे आणि हसायचे. आमच्या जाऊबाई म्हणायच्या, "थे मोटार थांबत नाई, दमते." मीही हसायची.

दिवाळी होऊन गेली होती आणि शेतात कापूस फुटून पांढरा झाला होता. बाजार करून आम्ही परतत होतो. बंडीत सरकीची पोती होती, बैलांवर भार नको म्हणून आम्ही दोघी मागून चालत होतो. नाल्याच्या उतारावर मागून भोंगा ऐकू आला. भासऱ्यांनी बंडी कडेला घेतली. आम्ही सडक सोडून गवतात जाऊन उभ्या राहिलो. पुढं आणखी बंड्या होत्या. मोटारवाल्याला त्या दिसल्या, थांबता येईना, म्हणून त्यानं मोटार गवतात घातली. ठोकळेवाला अजून मागं धावतच होता. ठोकळा त्याच्या हातातच होता.

मला आवाज आठवतो, दुखणं आठवत नाही. ते नंतर आलं. मी खाली पडून पायाकडं पाहिलं तर पायाची बोटं मागच्या बाजूला बघत होती. मोटार नाला ओलांडून पलीकडच्या चढावर दमली आणि थांबली. मोटारवाला तिथूनच ओरडला, बाई आडवी आली. मी सडकेवर नव्हते हो! माझ्या मुठीत गवत होतं, ते मी दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

सरकीच्या पोत्यांवर मला आडवं घातलं आणि भासऱ्यांनी बंडी तालुक्याच्या गावाकडं वळवली. वाटेत गावचे पोलीस पटेल घोड्यावरून गाठायला आले. त्यांनी माणुसकी म्हणून जे समजावलं, ते मी पोत्यांवर पडून ऐकलं.

"मोटार म्हनशान तर डाक्टर पोलीस नाक्यावर खबर धाडते," पटेल म्हणाले. "अमीन येते, पंचनामा व्हते. बंडी न् बैल पुराव्यात अडकते. बाईचं बयान होयेपर्यंत तिले घरी नेता येत नाई. मंग अदालतीत पेशीवर पेशी. बंडीतून पडली म्हना, कोनी काई इचारत नाई."

शेतात कापूस फुटलेला होता आणि बैल अडकले तर तो जागेवरच झडणार होता. भासऱ्यांनी बैलांना फक्त जरा जोरात हाकलं.

दवाखान्यात मांजर नव्हतं

इथं आमच्यातली एक रीत सांगायला हवी. भासऱ्यांपुढं धाकट्याच्या बायकोनं बोलायचं नाही. पदर पुढं ओढायचा आणि गप्प राहायचं. एरवी माझी जीभ म्हणजे विळा. बाजारात मला पाहून माळणी भाव खाली आणत. पण भासरे ओसरीवर आले की विळा आढ्यात खोचलेला.

मग घरात काही सांगायचं असेल तर? आमच्या घरी एक मांजर होती. भासरे जेवत असले आणि त्यांना काही सांगायचं असलं की मी मांजरीला सांगायची. "मांजरे, ढेप संपली बरं." दुसऱ्या दिवशी ढेप यायची. मांजरीला आमच्या संसाराची जेवढी माहिती होती तेवढी माझ्या सख्ख्या बहिणीला नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर आले. चांगले गृहस्थ होते, उर्दूत बोलायचे. त्यांनी पाय पाहिला, चष्मा वर सारला आणि विचारलं, "कैसे लगा?"

भासरे म्हणाले, "बंडीतून पडली, साहेब."

डॉक्टर माझ्याकडं वाकले. "क्यों बाई, बंडी से गिरे?"

भासरे खाटेपासून दोन हातांवर उभे होते. माझा पाय फिरलेला, ओठ चावून रक्त आलेलं, आणि अशा वेळी माझा हात कुठं गेला? पदराकडं. मी पदर पुढं ओढला. डॉक्टर थोडे थांबले, मग लिहून पुढच्या खाटेकडं गेले. दवाखान्यात मांजर नव्हतं.

यात माझी चूक होती असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. लहानपणापासून तोंड दाबून ठेवायचं आणि मग विचारायचं की बोलली का नाहीस? आणि ते खोटं चिकटलंही किती छान! मी आलेच होते बंडीतून. साडीला सरकी लागलेली होती. खोट्याला खऱ्याचा एवढा आधार मिळाल्यावर आणखी काय हवं?

वाळूची पिशवी

पायाला पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांना दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याशी चक्रीवरून खाली सोडली आणि तिला वाळूची पिशवी लटकवली. हाड सरळ राहावं म्हणून. कुणी खाटेला धक्का दिला की पिशवी हलायची आणि मी किंचाळायची. झाडणारी बाई रोज न चुकता धक्का द्यायची. मी तिला शिव्या द्यायची, ती मला द्यायची. नंतर नंतर आम्हाला त्याची सवय झाली. ती एक दिवस आली नाही तर मला करमलं नाही.

दिवस एका ठराविक चालीनं जायचा. पहाटे फिनेलचा वास, मग चहा म्हणून जे काही यायचं ते, मग डॉक्टर, मग लांबच लांब दुपार. जाऊबाई माझ्यापाशी राहिल्या होत्या. त्या दवाखान्याच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायच्या. घरी आमचं रोज वाजायचं. इथं त्यांनी माझं सगळं केलं, अगदी सगळं, तोंड वाकडं न करता. वाकडं बोलल्या मात्र भरपूर. माझी भाकरी भरवता भरवता म्हणायच्या, "काऊन व, कापूस वेचनीले दांडी माराची होती तर सांगाचं होतं ना." मी हसले की पिशवी हलायची.

भीती पायाची होती. एक दिवस ताप चढला, जखम सुजली आणि डॉक्टर दाराशी उभे राहून हलक्या आवाजात बोलू लागले. मला 'काटना' एवढा एकच शब्द कळला. पाय गेला तर शेतातली बाई म्हणून माझं काय उरलं? नवरा दुसरी करील का, हाही विचार आला; खोटं कशाला सांगू? तो भेटायला आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. तो बिचारा आणलेली बोरं धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बोरं खा. गोड हायेत." त्याला तेवढंच सुचलं. बोरं खरंच गोड होती.

ताप उतरला. पाय राहिला. ज्या दिवशी डॉक्टरांनी तसं सांगितलं, त्या दिवशी मरियम्मा सिस्टरनं खोबरेल आणून माझे जटा झालेले केस विंचरले आणि वेणी घातली. ती तेलुगू होती, तिला मराठी तोडकंमोडकं यायचं. देवानं पाय ठेवला म्हणतात लोक. मला त्या दिवशीची वेणी जास्त आठवते.

अंदरू बंडी

मी मरियम्मालाच खरं सांगितलं. ती विंचरता विंचरता म्हणाली, बंडीवर असं कसं बसलीस की पडलीस? मी म्हणाले, मी पडले नाही, मला मोटारीनं पाडलं. तिचा हात थांबला. मग ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"नुव्वु कूडा?" म्हणजे तूही? तिनं सगळ्या खाटांवरून हात फिरवला. "अंदरू बंडी. सगळे बंडी. मी इथं आले तवापासून मोटारनं कोणाला लागलं नाही. बघ ना, किती चांगली मोटार."

त्यानंतर मला दुसरा उद्योगच उरला नाही. पाय बांधलेला, पण जीभ मोकळी होती. मी एकेका खाटेला विचारायला लागले. शेजारी जंगूबाई होती, नार्नूरकडची गोंड बाई. तिचा हात कोपरापासून मोडला होता आणि ती झाडावरून पडली होती. मोहाच्या झाडावरून, हिवाळ्यात! मी म्हटलं, जंगूबाई, आता मोहाला आहे काय वेचायला? तिनं आधी दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "लाकडाची मोटार. पन मोटार म्हनलं तर गुत्तेदार आमच्या गड्याइले काम देत नाई." पलीकडच्या म्हातारीचा खुबा मोटारीनंच मोडला होता, तिच्या लेकानं बंडी सांगितली. पुरुषांच्या बाजूला काय आहे ते जाऊबाईंनी चुलीपाशी बायकांकडून काढून आणलं. तिथंही तेच.

प्रत्येकाचं कारण खरं होतं. कुणाचं पीक, कुणाचं काम, कुणाला पेशीची भीती. एकेकाकडं पाहिलं तर राग येत नाही. पण सगळ्या खाटा एकदम पाहिल्या आणि माझ्या डोक्यात सणक गेली. कायदा होता. बेफाम मोटार हाकून कुणाला जखमी केलं तर शिक्षा होती, पटेलांनीच सांगितलं होतं. पण तो कायदा अशा रीतीनं चालायचा की जखमी माणसाला आधी बांधून घालायचा आणि ज्यानं पाडलं त्याला नंतर, सवड मिळाली तर. मग कोण तोंड उघडणार?

दवंडी

मी घरी आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाय आखूड झाला. दवाखान्यात उभी राहिले होते, पण घरचा उंबरा खोटं बोलत नाही. शेवटची वेचणी माझ्याविना झाली होती, तिच्यासाठी जाऊबाई आधीच परतल्या होत्या. जाऊबाईंची पाठ मोडून आली होती आणि आता त्यांचं वाकडं बोलणं खरंच वाकडं झालं होतं. मी बसून करायची कामं घेतली. भासरे माझ्या चालण्याकडं बघायचे नाहीत. मी अंगणातून जायला लागले की ते दुसरीकडं तोंड फिरवायचे.

उन्हाळा सरता सरता गावात डफडं वाजलं. दवंडी अशी होती: तालुक्यात बंड्यांमुळं लोक फार जखमी होत आहेत, असं सरकारनं मोजून पाहिलं आहे. मोटारीनं जखमी झालेला एकही नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी बंड्यांनी पक्क्या सडकेवर यायचं नाही, खालच्या नाल्याच्या वाटेनं जायचं. येईल त्याचे बैल जप्त.

मी जवारी निवडत होते. सूप तसंच हातात राहिलं. मोटारीनं एकही नाही! त्या मोजणीत मी होते. जंगूबाई होती, खुब्याची म्हातारी होती. आम्ही सगळे तिकडं, बंडीच्या खात्यात, आपल्याच बैलांविरुद्ध साक्ष देत बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं संन्याशानं आपल्या हातानं सुळी रोवून दिली होती. आणि मोटार? ती तशीच उतारावरून येत होती. ठोकळेवाला तसाच मागं धावत होता.

खालची वाट म्हणजे नुसते धोंडे. भरली बंडी तिथून जाणं शक्य नव्हतं. भासरे दुसऱ्याच बाजाराला सडकेवरून गेले आणि पकडले गेले. बैल नाक्यावर बांधले. ज्या बैलांसाठी ते खोटं बोलले, ते बैल त्या खोट्यानंच अडकले.

वकिलानं सांगितलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, पुन्हा सडकेवर येणार नाही असं लिहून द्या. सरकारी वकिलाच्या हातात तर दवाखान्याची नोंद होती: याच बंडीतून याच्याच घरची बाई पडली, यानं स्वतः सांगितलं. पण सडक गेली की आमचा कापूस घरातच कुजणार होता. भासरे ओसरीवर मान खाली घालून बसले होते. मांजर चुलीजवळ होती.

मी म्हटलं, "मांजरे, मी बी येईन पेशीले. काय झालं थे मी सांगीन."

नवरा एकदम उठला. "येडी झाली का? दादानं डाक्टरले खोटं सांगतलं असं व्हईन ना थे. दादाले आत टाकतीन."

तो रागावला होता हे खरं, पण त्याचं म्हणणंही खरं होतं. त्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. भासऱ्यांनी मांजरीकडं एकदा पाहिलं आणि उठून गोठ्यात गेले. गोठा रिकामा होता.

पेशीच्या दिवशी सकाळी शेजाऱ्याची बंडी दारात आली. भासरे आत न बघता जाऊबाईंना म्हणाले, "बंडीत गवत अंथर जरा. तिचा पाय आखडते."

अदालत

अदालतीत गर्दी होती. मुन्सिफसाहेब उर्दूत विचारायचे आणि त्यांचा कारकून, पेशकार, ते मराठीत सांगायचा. मी पदर डोळ्यांपर्यंत घेऊन उभी राहिले. भासरे मागं होते. मला ते दिसत नव्हते, पण पाठीला कळत होतं.

मी सगळं सांगितलं. उतार, गवत, ठोकळा. मोटारवाला पलीकडच्या चढावरून काय ओरडला तेही. पहिले दोन शब्द निघाले नाहीत, मग थांबलेच नाही. पेशकाराला माझ्यामागं धावावं लागलं.

सरकारी वकील उठला. त्यानं विचारलं, हे सगळं दवाखान्यात का नाही सांगितलंस?

"आमच्यात भासऱ्याइफुडं बोलत नाई, साहेब."

"मग आज कशी बोलतेस?"

"आज बी बोलत नाई. मी मुन्सिफसाहेबाइले सांगून राह्यली."

लोक हसले. मुन्सिफसाहेब हसले नाहीत. त्यांनी भासऱ्यांना पुढं बोलावलं आणि समज दिली: ही बाई खरं बोलत असेल तर तुम्ही सरकारी डॉक्टरला खोटं सांगितलं, आणि त्याला सजा आहे, ती खोटं बोलत असेल तर तसं सांगा, म्हणजे प्रकरण मिटलं. म्हणजे काय, तर एक शब्द. मला खोटी म्हटलं की सुटले.

भासरे माझ्या बाजूला उभे होते. मी जमिनीकडं बघत होते. त्यांचे पाय मला दिसत होते, टाचांना भेगा पडलेले.

"माही भावसून आजवर मांजरीसंगच बोलली, साहेब," ते म्हणाले. "थे मांजरीले बी कदी खोटं बोलली नाई. खोटं म्या सांगतलं."

मी त्या वेळी रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही. पाय मोडला तेव्हा एवढी रडले नव्हते.

निकाल असा लागला. बैल सुटले. भासऱ्यांना खोटं सांगितल्याबद्दल दंड झाला. सजा टळली, ती मुन्सिफसाहेबांची भलाई. आणि मोटार? मोटारीचं काही होणार नाही. वेळेवर पंचनामा झाला नव्हता. गवत पुन्हा उगवलं होतं. साक्षीला कोण आहे? घरचीच माणसं. वरून दुसरा हुकूम येईपर्यंत दवंडी कायम.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मंग सरकारनं मले कशात मोजलं, साहेब?"

पेशकारानं विचारलं. मुन्सिफसाहेब म्हणाले, "बंडी में."

"अन् आता?"

त्यांनी सांगितलं की मागल्या सालची मोजणी हैदराबादला गेली, ती आता बदलत नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी खरं बोलले हे त्यांनी मान्य केलं होतं. माझ्या घरच्यांनी त्याची किंमत दिली होती. आणि तरी सरकारच्या लेखी मी बंडीतूनच पडले होते. असा न्याय मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि आजही त्याचा राग माझ्यात तसाच आहे.

कडुलिंबाखाली

पुढल्या हिवाळ्यात त्याच उतारावर मोटारीनं शेजारच्या गावची एक बाई उडवली. या वेळीही कापूस फुटलेलाच होता. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून आमची बंडी सडकेवर जवळच होती. तिला पोत्यांवर घातलं, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचा दीर बाजूनं धावत होता आणि भासऱ्यांना विचारत होता, काका, तिथं काय सांगायचं? मोटार म्हटलं तर अडकवतात म्हणतात.

भासरे बैलांकडं बघत राहिले.

तीच खोली, तेच डॉक्टर. चष्मा वर सारून त्यांनी विचारलं, "कैसे लगा?" दीर बिचारा चाचरत म्हणाला, "बंडी... बंडीतून..."

"बंडी माही हाय," भासरे मागून म्हणाले. "बंडीनं आनलं. पाडलं मोटारीनं."

डॉक्टरांनी मान वर केली. ते त्यांना ओळखत होते, अदालतीची गोष्ट गावभर झाली होती. त्यांनी शांतपणे समजावलं: असं लिहिलं तर मला नाक्यावर खबर द्यावी लागेल. अमीन येईल, बयान होईल, तुमचे बैलही थांबवून ठेवतील. विचार करून सांगा.

भासरे बाहेर गेले. मला वाटलं, गेले. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी जू उतरवलं, बैल मोकळे केले, आवारातल्या कडुलिंबाला दोन्ही बांधले आणि बंडीतलं गवत त्यांच्यापुढं टाकलं. मग आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

"लिवा साहेब, मोटार," ते म्हणाले. "येऊ द्या अमीनाले. आमी बसलो."

मग मान जराशी वळवून, पण माझ्याकडं न बघता, म्हणाले, "थे बी होती तिथं. तिले बी इचारा."